मापाच्या वहीतले व्हिडिओ

माझ्याकडे आत्याचे तीन व्हिडिओ आहेत. तिन्ही मिळून चाळीस सेकंदसुद्धा होत नाहीत. एकात ती शिलाई मशीनवर बसलीये, गळ्यात टेप, आणि एका जुन्या पिक्चरमधल्या सासूचा डायलॉग मारतीये, ओठ इतके बरोबर हलतात की आवाज तिचाच वाटावा. दुसरा गच्चीवरचा, मागे कुरडया वाळत घातल्यात आणि ती लावणीच्या एका ओळीवर फक्त मान आणि भुवई हलवते, बाकी काहीच नाही. तिसऱ्यात अर्ध्या स्क्रीनवर ती आहे आणि अर्ध्या स्क्रीनवर ट्रॅक्टरवर बसलेला एक अनोळखी माणूस, दोघं मिळून नवरा-बायकोचं भांडण करतात, तो कुठला, नाव काय, आत्याला तेव्हाही माहीत नव्हतं. तिने असे दीडशेच्या वर व्हिडिओ केले होते. उरले हे तीन.

हे सगळं लिहायचं निमित्त कॉलेजचं. डिजिटल संस्कृती असा एक विषय घेतलाय मी यावर्षी, आणि सरांनी सांगितलं की तुम्ही ज्यात वाढलात अशी कुठलीतरी एक गोष्ट घ्या आणि तिच्यावर नीट काम करा. वर्गात कोणी गेमिंग घेतलं, कोणी मीम्स, एकीने कोरियन सिरीयलींचे फॅन लोक घेतले. मी बार्शीची. मी ज्यात वाढले ते इंटरनेट नव्हतंच खरं तर, ते मेमरी कार्ड होतं, म्हणून मी तिथनं सुरुवात केली आणि मग एकातून एक निघत आत्यापर्यंत पोचले.

ज्यांनी पाहिलंय त्यांना लगेच आठवेल. एसटी स्टँडच्या बाजूला मोबाईलचं दुकान, बाहेर पाटी, ‘गाणी व पिक्चर भरून मिळतील’. आत एक कॉम्प्युटर, त्याला जोडलेली हार्डडिस्क, आणि समोर बसलेला दादा. पप्पांचं दोन जीबीचं कार्ड घेऊन मी त्यांच्याबरोबर जायचे, दुसरी-तिसरीत असेन. दादा विचारायचा कुणासाठी? आजोबांसाठी म्हटलं की भजन आणि कीर्तनाचं फोल्डर, मामासाठी म्हटलं की डीजेचं, ज्यात दर गाण्यात मध्येच त्या डीजेचं नाव ओरडलं जायचं, आणि लहान मुलीसाठी म्हटलं की तो जरा विचार करायचा. मला आज कळतं की तो विचार करायचा हे किती मोठं होतं. अख्ख्या गल्लीनं काय ऐकायचं, काय बघायचं ते त्या एका माणसाच्या हार्डडिस्कमधून ठरायचं आणि तो ते मन लावून करायचा, लोकांची आवड त्याला पाठ होती.

पिक्चर थ्रीजीपीमध्ये असायचे, एका पिक्चरचे तीन-तीन तुकडे केलेले, चित्र एवढं बारीक की लांबच्या माणसाला चेहराच नाही, चार ठिपके फक्त. आणि कार्डात जागा पुरायची नाही. एका मराठी पिक्चरचे पहिले दोन तुकडे आमच्या कार्डात कितीतरी वर्षं होते, तिसरा कधी मावलाच नाही. मी तो पिक्चर तीसेक वेळा पाहिला असेल आणि शेवट काय होतो मला माहीत नव्हतं, तर मी माझ्या मनाने शेवट केला होता आणि शाळेत मैत्रिणींना तोच सांगितला होता. पुण्याला आल्यावर पूर्ण पाहिला. खरा शेवट बघताना मला वाईट वाटलं, कुणीतरी माझी गोष्ट बदलल्यासारखं.

सप्टेंबर २०१६ मध्ये जिओ आलं आणि पहिले काही महिने डेटा फुकटच होता. वर्षाच्या आत त्या दुकानाची पाटी उतरली. कव्हर, ग्लास, चार्जर एवढंच राहिलं. मागच्या दिवाळीत मी मुद्दाम गेले, दादा तोच आहे, केस थोडे पांढरे झालेत. विचारलं, तुमची ती हार्डडिस्क आहे का अजून, मला बघायचीये, प्रोजेक्टला पाहिजे. तो म्हणाला, “ती व्हय? ती फॉरमॅट मारून सीसीटीव्हीला लावली की.” आणि वर बोट दाखवलं. काउंटरच्या वर कॅमेरा होता. रेकॉर्डिंग पंधरा दिवस राहतं आणि मग त्याच्यावरच परत नवीन रेकॉर्डिंग होतं. म्हणजे ज्या डिस्कमध्ये आमच्या अख्ख्या भागाची गाणी होती तिच्यात आता रिकाम्या काउंटरचं चित्रण आहे, आणि तेही पंधरा दिवसांचंच. मी बराच वेळ तिथेच उभी होते, दादाने चहा सांगितला.

हे डोक्यात असतानाच पुण्यात दुसरी गोष्ट झाली. वर्गात सरांनी फाळक्यांचा ‘कालिया मर्दन’ लावला, १९१९ चा. मूकपट. मी कंटाळा येईल म्हणून मागे बसले होते, पण त्याची सुरुवातच अशी आहे की मी सरळ उठून बसले. गोष्ट सुरू व्हायच्या आधी एक लहान मुलगी कॅमेऱ्याकडे तोंड करून फक्त चेहरे करते. कधी हसते, कधी चिडते, एकेक भाव येतो आणि जातो. ती फाळक्यांची लेक मंदाकिनी, आणि मग तोच चेहरा कृष्ण होतो. कॅमेरा जवळ, मागे काही नाही, समोरून बघणारी एक मुलगी आणि तिचा चेहरा काय काय करू शकतो तेवढंच.

मला त्या क्षणी आत्या दिसली. गच्चीवर, कुरडयांच्या पुढे, नुसती भुवई. आत्याने टिकटॉकवर तिचं अकाउंट २०१९ मध्ये काढलं होतं. बरोबर शंभर वर्षं. ही काही फार मोठी थिअरी आहे असं मी म्हणत नाहीये, पण कॅमेरा हातात आला की माणूस पहिल्यांदा काय करतो तर स्वतःचा चेहरा करून बघतो, हे फाळक्यांनाही सुचलं आणि माझ्या आत्यालाही सुचलं, आणि दोघांना कुणी शिकवलं नव्हतं.

मग मी फाळक्यांचं मिळेल ते वाचत सुटले. ‘राजा हरिश्चंद्र’ ३ मे १९१३ ला मुंबईत कोरोनेशन सिनेमात लागला हे शाळेत पाठ केलेलं असतं. पण तो आज पूर्ण नाही हे शाळेत कोणी सांगितलं नव्हतं. पहिलं आणि शेवटचं रीळ तेवढं उरलंय, आणि काही अभ्यासक म्हणतात की तेही १९१३ चं नाहीच, फाळक्यांनी १९१७ मध्ये तो परत केला त्यातलं आहे. भारतातल्या पहिल्या कथापटाची ही गत. माझ्या मेमरी कार्डातल्या त्या पिक्चरला निदान तिसरा तुकडा कुठेतरी होता.

आणि त्यात तारामती झालेत अण्णा साळुंके, पुरुष, आधी हॉटेलात आचारी होते. कारण बाई मिळाली नाही. चांगल्या घरातली बाई कॅमेऱ्यासमोर येणार नाही. त्याच वर्षी पुढच्या चित्रपटात, ‘मोहिनी भस्मासुर’मध्ये, दुर्गाबाई कामत आणि त्यांची मुलगी कमलाबाई या दोघी कॅमेऱ्यासमोर आल्या आणि त्या पहिल्या. हे वाचताना मला आमच्या घरातलं एक वाक्य आठवलं. आत्याचे व्हिडिओ पसरायला लागल्यावर घरातल्या एका मोठ्या माणसाने जेवताना, सगळ्यांसमोर, म्हटलं होतं की चांगल्या घरातल्या बायका असलं करत नाहीत. आत्या भाकरी वाढत होती. काही बोलली नाही. पण दुसऱ्या दिवशी दुपारी, सगळे झोपल्यावर, दोन ते चारच्या मध्ये, तिने परत केला. ती वेळ तिचीच होती, ब्लाउजची घाई नसेल तर.

पुण्यातही मी तेच ऐकलं, शब्द फक्त वेगळा. माझ्या प्रेझेंटेशनला तो मशीनवाला व्हिडिओ दाखवला तर मागून कोणीतरी ‘क्रिंज’ म्हणालं, म्हणजे बघणाऱ्यालाच लाज वाटावी असं, आणि दोघंतिघं हसले. मला राग आला आणि अजूनही येतो. त्याच मुलांना ‘कालिया मर्दन’ बघताना हसू आलं नव्हतं, कारण तिथे सर होते आणि ते क्लासिक होतं. शंभर वर्षं जुनं झालं की चेहरे करणं ही कला, आणि बार्शीतल्या एका शिंपीकाम करणाऱ्या बाईने केलं की क्रिंज? त्या व्हिडिओत टायमिंग बघा. डायलॉग संपतो त्याच क्षणाला ती पायडल मारते, मशीन सुरू होतं, आणि त्या घर्रर्र आवाजात तो व्हिडिओ संपतो. हा कट तिने ठरवून केलेला आहे. मी तिला विचारलंय. अकरा वेळा घेतला होता तिने तो.

२९ जून २०२० च्या संध्याकाळी ५९ ॲप्सवर बंदी आल्याची बातमी आली, त्यात तेही ॲप होतं. लॉकडाऊन चालू होतं, मी पंधरा वर्षांची, आम्ही सगळे टीव्हीपुढेच. बंदी का आली, बरोबर की चूक, त्यात मी इथे जात नाही, देशाच्या पातळीवरची ती गोष्ट होती आणि तिची कारणं तेव्हा सगळ्यांनीच ऐकली. मला एवढंच आठवतं की दुसऱ्या दिवशी आत्याने ॲप उघडलं तर व्हिडिओंच्या जागी एक सूचना होती. तिने बंद केलं, परत उघडलं, परत बंद केलं. मला म्हणाली, “आगं बघ की, नेट गेलंय का?” मी सांगितलं नेट नाही गेलं. ती म्हणाली, “बरं. गेलं तर गेलं.” आणि मास्क शिवायला बसली, तेव्हा ब्लाउज कोण शिवत नव्हतं, मास्कचंच काम होतं. तिचे अकराशेच्या आसपास फॉलोअर होते. ॲपचं ते चिन्ह तिने पुढचं वर्षभर फोनवरून काढलं नाही. दाबलं तर काहीच व्हायचं नाही, पण होतं आपलं तिथे.

पुण्यात लॉ कॉलेज रोडला राष्ट्रीय चित्रपट संग्रहालय आहे, १९६४ साली सुरू झालेलं. ते उभं केलं पी. के. नायर यांनी. फाळक्यांचं जे काही आज आपण बघू शकतो ते पुष्कळसं त्यांच्यामुळे. मी त्यांच्याबद्दल जे वाचलं, ऐकलं, त्यातली एक गोष्ट माझ्या मनात घर करून बसलीये, ती म्हणजे ते चांगला पिक्चर वाईट पिक्चर असं बघून गोळा करायचेच नाहीत. जे मिळेल ते ठेवायचं. आज फालतू वाटणाऱ्या गोष्टीत उद्या कोणाला काय सापडेल ते आपण कोण ठरवणार. २०१६ मध्ये ते गेले. मला त्यांना भेटायला मिळालं असतं तर मी आत्याचे व्हिडिओ दाखवले असते आणि मला शंभर टक्के खात्री आहे, ते म्हणाले असते ठेव.

कारण त्यांना माहीत होतं कसं जातं सगळं. जुनी रिळं नायट्रेटची असायची, १९५० च्या आसपासपर्यंत तीच वापरात होती, आणि नायट्रेट एकदा पेटलं की विझत नाही, पाण्याखाली घातलं तरी जळत राहतं कारण जळायला लागणारा ऑक्सिजन त्याच्या आतच असतो. न पेटलं तरी हळूहळू चिकट होऊन त्याची पावडर होते. आणि यातून जी वाचली त्यातली कितीतरी रिळं लोकांनी स्वतः विकली, कारण फिल्मच्या थरात चांदी असते आणि रीळ धुतलं की ती निघते. पिक्चर चालून संपला, आता डब्यात पडून काय करायचं, निदान चांदी तरी मिळेल. दुकानवाल्या दादाची हार्डडिस्क आणि हे, मला एकच वाटतं. दोघांनीही वाईट हेतूने काही केलेलं नाही. वस्तूचा उपयोग संपला असं वाटलं आणि तिच्यातून जे निघण्यासारखं होतं ते काढून घेतलं.

जानेवारी २००३ मध्ये पुण्यातच, फिल्म इन्स्टिट्यूटच्या आवारात, म्हणजे जिथे प्रभातचा स्टुडिओ होता तिथेच, नायट्रेट रिळांच्या गोदामाला आग लागली. प्रभातची जुनी रिळंही त्यात गेली. पण ज्या चित्रपटांची कॉपी आधी सेफ्टी फिल्मवर, म्हणजे सहज न पेटणाऱ्या फिल्मवर, करून ठेवली होती ते आजही बघता येतात, मूळ रीळ जळून राख झालं तरी. हे वाचून मी व्हॉट्सॲप उघडलं आणि आत्याचे ते तीन व्हिडिओ परत पाहिले.

कारण ते वाचले तेही कॉपीमुळेच. आत्याकडे स्वतःकडे एकही नव्हता, ती ॲपमध्येच रेकॉर्ड करायची आणि तिथेच टाकायची, फोनमध्ये जागा नव्हती म्हणून सेव्ह केलेले काढून टाकायची. पहिला मिळाला शेजारच्या काकूंकडून, त्यांनी बहिणीला पाठवला होता. दुसरा आमच्या फॅमिली ग्रुपवर, ज्या मोठ्या माणसाने जेवताना ते वाक्य म्हटलं होतं त्याच्याच मुलाने टाकला होता. तिसरा, ट्रॅक्टरवाला, सगळ्यात फिरून आला, सोलापूरहून एका नात्यातल्या बाईकडून, तिला कुणीतरी पाठवलेला, त्याला अजून कुणीतरी. व्हॉट्सॲप पाठवताना व्हिडिओ दाबून लहान करतं, त्यामुळे जितका फिरला तितका तो खराब झालाय, आत्याच्या गालावर चौकोन चौकोन दिसतात, नाकातली चमकी तर गेलीच. पण कोपऱ्यात त्या ॲपचा लोगो आणि त्याच्याखाली आत्याचं युजरनेम अजून वाचता येतं, एकदा वरच्या कोपऱ्यात, एकदा खालच्या. म्हणून मी ती खराब कॉपी प्रोजेक्टमध्ये तशीच ठेवली. एक मित्र म्हणाला एआयने साफ करून देतो, एकदम क्लिअर करून देतो. मी नको म्हटलं. गालावरचा प्रत्येक चौकोन म्हणजे कुणीतरी तो बघून हसलं आणि पुढे पाठवला. आणि साफ केलेला चेहरा आत्याचा असेल याची कोण खात्री देणार, मशीन अंदाजाने गाल भरणार, चमकी नसलेलं नाक करून देणार.

प्रोजेक्टसाठी वाचताना जिओसिटीजबद्दल कळलं. नव्वदच्या दशकात अमेरिकेत सुरू झालेली साइट, कुणीही स्वतःचं पान करायचं, मांजराचे फोटो, आवडत्या गायकाची माहिती, चमचमणारी अक्षरं. १९९९ मध्ये याहूने ती विकत घेतली आणि ऑक्टोबर २००९ मध्ये बंद केली. पण बंद करणार हे काही महिने आधी सांगितलं होतं, तेवढ्या वेळात आर्काइव्ह टीम नावाच्या स्वयंसेवकांनी रात्रंदिवस बसून जमतील तेवढी पानं उतरवून घेतली आणि नंतर सगळ्यांसाठी टोरंटवर ठेवली. कुणाचं कोण! त्या मांजरांच्या फोटोंशी त्यांचं काय नातं होतं? मला हे वाचून खरंच भरून आलं. आमच्याकडे काही महिने मिळाले असते तर एवढं कोणी केलं असतं का याचा मी विचार करते, पण आम्हाला एक रात्र मिळाली होती, आणि त्या रात्री मीसुद्धा काही केलं नाही. मला माहीत होतं सेव्ह कसं करायचं. मी टीव्ही बघत बसले. हे मला लागतं अजून.

प्रोजेक्ट मी फेब्रुवारीत जमा केला. पण काम तिथे संपलं नाही, कारण त्यानंतर बार्शीला गेले तेव्हा आत्याने सहज, ब्लाउज कापता कापता, सांगितलं की तिच्याकडे वही आहे. कसली वही? मापाची. म्हणाली, “त्यातच लिवायचे की मी, नायतर ध्येनात कुठलं ऱ्हातंय.”

तीन वह्या आहेत, लांबट, पुठ्ठ्याच्या. छाती ३६, कंबर ३२, बाही ९, गळा मागे बोटनेक, असं पानंच्या पानं, आणि मध्ये मध्ये निळ्या पेनाने तिच्या व्हिडिओंची आखणी. ‘उद्या. सासूचा डायलॉग. हिरवी साडी. शेवटी मशीन.’ ‘गच्ची. कुरडया काढायच्या आत.’ ‘ट्रॅक्टरवाल्याला उत्तर. रागाने.’ काही ठिकाणी डायलॉग पूर्ण लिहिलाय आणि श्वास कुठे घ्यायचा तिथे उभी रेघ मारलीये. काहींच्या पुढे बरोबरची खूण, काहींच्या पुढे ‘नको’.

पूर्वी थेटरबाहेर पिक्चरच्या गाण्यांची पुस्तिका मिळायची, गोष्टीचा सारांश आणि गाणी, स्वस्तात. कितीतरी चित्रपट असे आहेत की त्यांचं एक फूट रीळ उरलेलं नाही आणि तरी त्यांच्याबद्दल आपल्याला थोडंफार माहीत आहे ते या पुस्तिकांमुळे. मी हे आत्याला सांगितलं. ती ऐकत होती पण हात चालूच होते. मी मोजले, बरोबरची खूण असलेले एकशे चौसष्ट. मग मी एकेक पान फोनने काढायला लागले, मापांसकट, कारण मापं झाकली तर पान कळतच नाही. गिऱ्हाइकांची नावं तेवढी कागदाची पट्टी ठेवून झाकली.

तिसऱ्या वहीत एका पानावर आत्या थांबली. ‘आरसा. काही बोलायचं नाही.’ एवढंच लिहिलेलं. मी विचारलं हा कसला गं, गाणं कुठलं होतं? म्हणाली गाणं नव्हतंच. मग काय करायचीस? तिने कात्री खाली ठेवली. तुकडे झटकले. माझ्या हातातल्या फोनकडे बघितलं आणि उठली.

“पंखा बंद कर आधी,” म्हणाली. “आवाज येतो त्याचा.”

आमचा पंखा थांबायला वेळ लागतो. तोवर तिने पदर नीट केला, गळ्यातली टेप काढून मशीनवर ठेवली, मग परत घेतली आणि गळ्यात घातली.